जुनी इंदूर वसवली कुणी? आपल्या मोहल्ल्याचा इतिहास तपासायची रीत

मार्च उजाडला की आमच्या जुनी इंदुरात वाद सुरू होतो आणि मे संपेपर्यंत चालतो. राव नंदलाल यांच्या जमीनदार घराण्याकडून 3 मार्चला शहराचा स्थापना दिवस मानला जातो. त्याला आधार 3 मार्च 1716 च्या सनदेचा, म्हणजे इथल्या व्यापारावरचा कर माफ करणाऱ्या बादशाही कागदाचा. 31 मे ही अहिल्यादेवींची जयंती, आणि 2022 पासून तोच इंदूर गौरव दिवस. मग ओट्यावर, दूधवाल्याकडे, लग्नाच्या पंगतीत एकच विषय: इंदूर वसवलं कुणी? मराठी घरात उत्तर तयार असतं, होळकरांनी. शेजारच्या माळवी घरातही तयार असतं, रावसाहेबांनी. आवाज चढतात आणि कागद कुणीच उघडत नाही.

मी लग्न होऊन या मोहल्ल्यात आले. सासऱ्यांनी मोडी शिकवली, पुढे नोकरीभर जुन्या दस्तांच्या नकला करण्याचं काम केलं. त्यामुळे कॉलेजातली मुलं येतात, म्हणतात, "काकू, आमच्या गल्लीवर लिहायचंय, सुरुवात कुठून करू?" त्यांना जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते. उदाहरणं जुनी इंदूरची आहेत, पण ग्वाल्हेरच्या लष्कर भागात किंवा बडोद्याच्या एखाद्या पोळात, म्हणजे तिथल्या जुन्या मोहल्ल्यात, राहणाऱ्यालाही हीच रीत चालेल.

आधी प्रश्न फोडा

"वसवलं कुणी" या एका प्रश्नात चार प्रश्न कोंबलेले असतात. माणसं राहायला कधी आली? बाजार कधी भरायला लागला? परगण्याचं ठाणं इथे कधी आलं? राजधानी कधी झाली? वहीची चार पानं करा आणि प्रत्येक दावा ज्या पानाचा असेल त्याच पानावर लिहा. एवढं केलं तरी अर्धं भांडण मिटतं, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

आमच्याकडची पानं साधारण अशी भरतात. परगण्याचं मूळ ठाणं इंदूरजवळचं कंपेल गाव. तिथले जमीनदार अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कान्ह आणि सरस्वती या इथल्या नद्यांच्या काठी आले, आणि बाजाराच्या व ठाण्याच्या पानावर त्यांचं नाव येतंच. मल्हारराव होळकरांचा माळव्यातला अंमल त्यानंतरचा, 1730 नंतरच्या दशकातला. राजधानीचं पान तर सगळ्यात स्पष्ट आहे. इंग्रज आणि होळकरांची महिदपूरची लढाई 21 डिसेंबर 1817 ला झाली, मंदसोरचा तह 6 जानेवारी 1818 ला, आणि त्यानंतर होळकरांची राजधानी इंदूर झाली. अहिल्यादेवींनी 1767 ते 1795 एवढा सगळा कारभार महेश्वरातून केला. म्हणून "अहिल्यादेवींची राजधानी इंदूर" असं कुठल्या फलकावर दिसलं तर ते चूक आहे, आणि ते चूक आहे असं म्हटल्याने देवींबद्दलचा आदर तिळभर कमी होत नाही. उरलं पहिलं पान, माणसं कधी आली याचं. ते रावांचंही नाही आणि होळकरांचंही नाही, आणि सगळ्यात कमी काम त्यावरच झालेलं आहे.

मराठी वाचकांना एक गोष्ट मुद्दाम सांगते. आपली बहुतेक घराणी होळकरी चाकरीच्या निमित्ताने इथे आली. आपण आलो तिथून शहर सुरू झालं असं धरून लिहायला बसू नका. ज्या नदीकाठी आपल्या पूर्वजांनी घर बांधलं, तिथे आधीपासून कुणीतरी पाणी भरत होतं.

तारीख कशाची आहे ते विचारा

गॅझेटियरांत आणि त्यांवरून लिहिलेल्या पुस्तकांत एक ओळ पुन्हा पुन्हा येते: 1715 मध्ये कंपेलच्या जमीनदारांनी बाजार वसवला, 1741 मध्ये इंद्रेश्वराचं देऊळ झालं, आणि देवळावरून गावाला इंदूर नाव पडलं. ही ओळ जशीच्या तशी उतरवण्याआधी थांबा. नाव 1741 च्या देवळावरून पडलं असेल, तर मधली 26 वर्षं या गावाला लोक काय म्हणत होते? पंढरीनाथाजवळचं हे देऊळ फार पुरातन आहे असं तर भाविक सांगतातच. तेव्हा 1741 ही देवाची तारीख की इमारतीची? माझं मत असं, की ती बांधकामाची तारीख म्हणून लिहावी आणि नावाची गोष्ट "असं सांगतात" म्हणून वेगळी ठेवावी.

राजवाड्याचंही तसंच. काम 1747 ला सुरू झालं, 1801 च्या शिंदे-होळकर लढाईत तो जळला, राजधानी झाल्यावर पुन्हा उभा राहिला आणि 1984 ला परत आग लागली. "राजवाडा 1747 चा" हे वाक्य त्यातल्या कुठल्या लाकडाबद्दल आहे?

सनद पाहताना

सनद दाखवली की लोक हात जोडतात किंवा हात झटकतात. दोन्ही नको. आधी विचारा, हा अस्सल कागद आहे की नक्कल, आणि नक्कल असेल तर कुणी, कधी केली. मग त्या काळाची खूण जुळते का ते बघा. मार्च 1716 म्हणजे हिजरी 1128, दिल्लीला फर्रुखसियर, माळव्याचा सुभेदार सवाई जयसिंग. कागदावरचा शिक्का आणि जुलूस सन (बादशहा गादीवर बसल्यापासून मोजलेलं वर्ष) याच्याशी जुळायला हवा.

त्यानंतरचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: हा कागद करतो काय? कर माफ करणारा कागद गाव वसवत नाही. माफीसाठी आधी कर देणारा व्यापारी लागतो, निदान येऊ घातलेला तरी. म्हणजे 1716 ची सनद रावांचं कर्तृत्व दाखवतेच, त्याचबरोबर त्यांच्या आधी इथे काहीतरी चालू होतं याकडेही बोट दाखवते.

जमीनदार घराण्याच्या दप्तरातून पुढे आलेल्या काही पत्रांच्या अस्सलपणावर अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत. ते जरूर नोंदवा. पण तीच चाळणी आपल्या बखरींना आणि कैफियतींनाही लावा. दरबारासाठी, घटना होऊन गेल्यावर पुष्कळ वर्षांनी लिहिलेल्या मजकुराला सूट देणार असाल, तर समोरच्याला प्रश्न विचारायचा हक्क उरत नाही.

मोडीतलं साल

जुन्या मराठी कागदावर साल आकड्यात असेलच असं नाही. ते अरबी शब्दांत असतं, आणि उलट्या क्रमाने: आधी एकम, मग दशक, मग शतक, शेवटी हजार. "इहिदे सितैन मया व अलफ" असं दिसलं तर इहिदे 1, सितैन 60, मया 100, अलफ 1000, म्हणजे शुहूर सन 1161. यात 599 किंवा 600 मिळवा. 1760-61 आलं, पानिपताचं वर्ष. दोन आकडे अशासाठी, की हे साल मृगाला बदलतं. मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला 599, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. "मयातैन" आलं तर 200, तिथे घाईत मया वाचलं की शंभर वर्षं मागे गेलात. शकात 78 मिळवा, विक्रम संवतातून 57 वजा करा, वर्षाच्या टोकाला एकाचा फरक पडतो. फसली या महसुली सालात मात्र जपून, उत्तरेच्या आणि दख्खनच्या हिशेबात दोन वर्षांचं अंतर पडतं; कागद कुठल्या कचेरीचा आहे हे कळल्याशिवाय बेरीज करू नका.

मोडी येत नसेल तर शिका. अक्षरओळख लवकर होते, सराईत व्हायला मात्र वेळ लागतो. तोवर जाणत्याकडून वाचून घ्या, पण लिप्यंतर पूर्ण मागा. "मतलब एवढाच आहे" असं सांगून कुणी चार ओळींत गुंडाळत असेल तर ऐकू नका.

खरा खजिना चतुःसीमेत

सनदा राजांच्या आणि रावांच्या. मोहल्ल्याचा इतिहास खरेदीखतांत, गहाणखतांत आणि वाटणीपत्रांत आहे, आणि ते तुमच्या शेजाऱ्याच्या ट्रंकेत आहेत. आमच्या सासऱ्यांच्या घराचं खरेदीखत होळकर सरकारच्या स्टँप कागदावर आहे. किंमत, साक्षीदार वगैरे सगळं आहे, पण मी मुलांना बोट ठेवून दाखवते ती चतुःसीमा, म्हणजे घराच्या चारी बाजूंना काय आहे ते: पूर्वेस सरकारी गल्ली, पश्चिमेस कसेऱ्याचं (तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्याचं) घर व त्याची भट्टी, दक्षिणेस समाईक विहीर, उत्तरेस नदीवर जाण्याची वाट. आज तिथे कसेरा नाही, भट्टी नाही, विहिरीवर फरशी टाकून स्कूटर उभ्या असतात आणि नदीची वाट एका भिंतीत संपते. त्या चार ओळींत धंदा, जात, पाणी आणि रस्ता सगळं आलं.

एका गल्लीतली जमतील तेवढी खतं घ्या आणि एकाची पूर्व दुसऱ्याच्या पश्चिमेला जोडत जा. कागदावर गल्ली उभी राहायला लागते. कुठे जुळलं नाही तर तिथे घर पडलंय, वाटणी झालीय किंवा कुणी वाट दाबलीय. शेवटचं असेल तर तोंड बंद ठेवा. मोहल्ल्यात आजही खटले चालू असतात, आणि तुमची वही कुणाच्या वकिलाच्या हाती पडली तर पुढे कुणी ट्रंक उघडणार नाही. कागद घराबाहेर नेऊ नका. तिथेच, दारातल्या उजेडात, फ्लॅश न मारता फोटो घ्या. दोन्ही बाजूंचा, कारण पाठीवर नोंदणीचा शेरा असतो.

पायी फिरताना

दगडी लेख दिसला की त्याला खडू, पीठ, शेंदूर काहीही फासू नका. संध्याकाळी अंधारलं की बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने धरा. पुसट अक्षरं सावलीने उठतात. देवळांत ऑइलपेंटचे थर असतात, तरी ही युक्ती लागू पडते. उंबरे बघा. जिथे रस्त्यावरून दोन पायऱ्या उतरून घरात जावं लागतं, तिथे घर जुनं आणि रस्ता भर घालून चढलेला. काळ्या दगडाचं जोतं, त्यावर पातळ विटा, त्यावर आजची सिमेंटची माडी: अशा भिंतीचा एकच फोटो पुष्कळ सांगतो. नदीच्या कुठल्या बाजूला आहात हेही दरवेळी लिहा, कारण जुनी इंदूर आणि राजवाड्याकडचं शहर यांतला फरक तिथूनच सुरू होतो. प्लेगच्या दिवसांनंतर होळकर दरबाराने शहररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना बोलावलं होतं; शहररचनेवरचा त्यांचा 1918 चा अहवाल मिळवून वाचा. जुनी वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ते काढायला त्यांचा विरोध होता. म्हणून त्यांनी गल्ल्या, नद्या आणि घाट नीट पाहून लिहिलंय.

माणसांना विचारताना

"तुमच्या मते इंदूर कुणी वसवलं?" असं विचारलंत तर टीव्हीवर ऐकलेलं उत्तर मिळेल. पाणी कुठून आणायचा ते विचारा. नळ कधी आला, वरात कुठल्या रस्त्याने जायची, कुठल्या गल्लीत शिरायची नाही, रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक, कुठून दिसायची, 1984 ला राजवाड्याला आग लागली तेव्हा धूर कुठून पाहिला. पुरुषांना दुकानं आठवतात, बायकांना विहिरी, घाट आणि भाडेकरू. माझ्या शेजारच्या जीजी माळवीतच बोलतात; मी त्यांचं बोलणं मराठी करून लिहीत नाही, तसंच उतरवते. भाडेकरूंना तर हटकून विचारा. त्यांच्याकडे खत नसतं, म्हणून इतिहासात त्यांना जागाच मिळत नाही, आणि आमच्या मोहल्ल्याची निम्मी वस्ती पिढ्यान्‌पिढ्या भाड्यानेच राहिलेली आहे.

लिहिताना

प्रत्येक वाक्यापुढे ते कशावरून आलं ते लिहा: कागद, दगड, छापील पुस्तक की तोंडी. दोन बाजू जुळत नसतील तर दोन्ही एकाखाली एक ठेवा आणि तुम्हाला कुठली पटते ते कारणासकट सांगा. मी स्वतः असं लिहिते: बाजार आणि ठाणं जमीनदारांचं, राजधानी होळकरांची, वस्ती या दोघांच्या आधीची. पुरावा मिळाला तर बदलेन.

मसुदा झाला की छापण्याआधी गल्लीत वाचून दाखवा, हिंदीतही, कारण ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांतल्या अनेकांना मराठी वाचता येत नाही. ज्या घरातून कागद मिळाला त्या घराला त्याचं लिप्यंतर स्वच्छ अक्षरात द्या. फोटोंची एक प्रत आपल्याकडे, एक जवळच्या वाचनालयात, आणि मोडी दस्तांची एक सीतामऊच्या नटनागर शोध संस्थानासारख्या ठिकाणी द्यायची तयारी ठेवा; माळव्याच्या इतिहासाचा मोठा संग्रह तिथे आहे. प्रत देण्याआधी मालकाची लेखी परवानगी घ्या, आणि त्या परवानगीवर तारीख आकड्यात, महिन्याचं नाव अक्षरात घाला.