आईला डेक्सा स्कॅनला नेताय? आधी गोळ्यांची पिशवी भरा

हाडं ठिसूळ झालीयेत हे दुखून कळत नाही, मोडल्यावर कळतं, म्हणून डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी. फाइल, आधार कार्ड, पैसे, पाण्याची बाटली हे तुम्ही घ्यालच, त्यावर वेळ घालवत नाही.

गोळ्या. सगळ्या गोळ्या. आत्ता चालू असलेल्या तर हव्यातच, पण आधी घेतलेल्याही. गेल्या वेळी हेच राहिलं, डॉक्टरांनी विचारलं स्टिरॉइड कधी घेतलंय का (त्याने हाडं ठिसूळ होतात), आई म्हणाली नाही, मीही नाही म्हटलं, आणि गुडघ्यांसाठी ती कित्येक वर्षं बिननावाच्या पुड्या खात होती हे दोघींच्याही डोक्यात आलं नाही. असल्या पुड्यांत बऱ्याचदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं, "लगेच आराम पडतो" तो त्याच्यामुळेच. म्हणून आदल्या दिवशी फ्रिजवरचा डबा, उशीखालची पाकिटं, पर्स, सगळं एका पिशवीत भरा, रिकाम्या स्ट्रिप आणि पुडीचा कागदसुद्धा. आईला "स्टिरॉइड घेतेस का" असं विचारू नका, तिला ते नाव माहीत नसतं. दमा, संधिवात, अंगावरचे चट्टे ह्यासाठी काय काय खाल्लं ते विचारा. प्रेडनिसोलोन, डेफ्लाझाकॉर्ट ही स्टिरॉइडची नावं जुन्या चिठ्ठ्यांवर शोधा. तीन महिने किंवा जास्त चालली असेल तर सांगायचंच, कितीही जुनी गोष्ट असली तरी. फिट्सच्या गोळ्या, थायरॉइडचा डोस, ब्रेस्ट कॅन्सरनंतरची लेट्रोझोल, वर्षानुवर्षं चाललेली ॲसिडिटीची गोळी, हेही त्याच यादीत. आणि हे वाचून स्टिरॉइड स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, ते धोक्याचं आहे.

दुसरं, पाळी कधी गेली. 45 च्या आत गेली असेल तर आवर्जून सांगा. "गर्भाची पिशवी काढलीये" एवढं पुरत नाही, अंडाशयही काढले का ते ऑपरेशनच्या कागदावर बघा, कारण हाडांना जपणारं इस्ट्रोजेन तिथूनच येतं. बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या तिशी-चाळिशीतच काढल्याच्या बातम्या 2019 मध्ये आल्या होत्या, त्या बायकांच्या हाडांचं काय होणार हे आठवलं की जीव तुटतो. आजीचं खुब्याचं हाड मोडलं होतं का, आई नुसती घसरून पडली आणि मनगट मोडलं असं झालंय का, उंची कमी झालीये का, हेही सांगा. ब्लाउज पुढून लांब वाटायला लागलाय, पाठीला पोक येतंय, ह्याला वय म्हणून सोडू नका, मणका न कळत दबलेला असू शकतो. बाबांचंही तपासा, विशेषतः सिगरेट, दारू किंवा स्टिरॉइड असेल तर, हा फक्त बायकांचा आजार नाहीये.

स्कॅनच्या दिवशी उपाशी राहायची गरज नाही. कॅल्शियमची गोळी मात्र आदल्या दिवसापासून बंद. नुकताच बेरियम किंवा डाय देऊन काही स्कॅन झाला असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, पुढची तारीख देतात. कपडे बिनचेनचे, बिनबटणांचे. साडीच्या पिना, लांब मंगळसूत्र, कमरेला खोचलेला किल्ल्यांचा जुडगा घरीच, कारण फोटो कंबरेच्या मणक्याचा आणि खुब्याचाच असतो. खुब्यात रॉड किंवा बदललेला सांधा असेल तर टेक्निशियनला आधी सांगा. इंजेक्शन नाही, एमआरआयसारखा बोगदा नाही, पंधरा-वीस मिनिटं पडून राहायचं. शिबिरात टाचेवर मशीन लावून देतात ते निदान नव्हे, त्यावर औषध सुरू करू नका.

रिपोर्टमध्ये टी-स्कोअर बघायचा, म्हणजे तरुण निरोगी हाडांच्या तुलनेत आपली हाडं कशी आहेत तो आकडा. उणे 1 पर्यंत ठीक, उणे 1 ते उणे 2.5 च्या मधे ऑस्टिओपेनिया (हाडं विरळ व्हायला लागलीत), उणे 2.5 किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ झालीत). पण स्कोअर बरा असूनही साध्या पडण्याने मणका किंवा खुबा मोडला असेल तर उपचार लागतातच. रक्तात कॅल्शियम, डी व्हिटॅमिन, क्रिएटिनिन (किडनीसाठी), थायरॉइड बघतात. आणि परत, ती गोळ्यांची पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी करा, तोंडी सांगू नका, तोंडी सांगताना राहतंच.

औषध ठरलं की: आठवड्याची ॲलेंड्रोनेटची गोळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्यासोबत, चहाबरोबर अजिबात नाही, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, अन्ननलिका जळते. वर्षातून एकदाचं झोलेड्रॉनिक किंवा सहा महिन्यांचं डेनोसुमॅब इंजेक्शन असेल तर दात काढायचे वगैरे आधी उरकून घ्या. डेनोसुमॅबची तारीख चुकवू नका, मधेच सोडलं तर मणके मोडायचा धोका वाढतो. डी व्हिटॅमिनचं 60,000 चं पाकीट सहसा आठवड्याचं असतं, रोजचं नाही, चिठ्ठी नीट वाचा. कॅल्शियम आणि थायरॉइडच्या गोळीत चार तास अंतर. नाचणी, दूध, तीळ चालू राहू दे, पण औषधाच्या जागी नाही.

घरी बाथरूमला हँडल, रात्री दिवा, सटकणारी पायपुसणी काढून टाका, भरलेली बादली वाकून उचलणं बंद. मणका दबला असेल तर पश्चिमोत्तानासन वगैरे पुढे वाकायची आसनं नको, चालणं हवं. पुढचा स्कॅन सहसा वर्ष-दोन वर्षांनी सांगतात, तो त्याच मशीनवर करा, नाहीतर आकडे जुळवून बघता येत नाहीत.