शौच मऊ, तरी अडतं तेव्हा

इंदूरमध्ये पोट साफ होत नाही असं नुसतं म्हणा, प्रत्येकाकडे इलाज तयार असतो. रामबागेतल्या काकू एरंडेल सांगतात, औषधवाला चूर्णाची पुडी पुढे करतो आणि रोज रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस हाणणारा माझा भाऊ म्हणतो, "ताई, पाणी पीत जा." बहुतेकांना एवढ्याने गुण येतोही. माझं दुखणं वेगळं निघालं, म्हणून हे लिहिते आहे.

शौच मऊ असून बाहेर येत नाही, उठल्यावरही काहीतरी राहिल्यासारखं वाटतं, कधी बोटाची मदत घ्यावी लागते, अशी लक्षणं असतील तर अडचण दाराशी असू शकते. गुदाशयाभोवती, म्हणजे आतड्याच्या शेवटच्या भागाभोवती, प्युबोरेक्टॅलिस नावाचा एक स्नायू वेढा घालून असतो आणि गुदाशयाला पुढे ओढून धरतो, त्याने तिथे बाक पडतो. एरवी त्याच्याच कृपेने आपण चारचौघांत निर्धास्त बसतो. शौचाला बसलं की त्याने सैल पडायचं असतं. काहींचा नेमका तेव्हाच आवळतो, आणि जितकं कुंथावं तितका जास्त आवळतो.

रक्त पडणं, वजन उतरणं, अंगात रक्त कमी होणं, किंवा पंचेचाळिशीनंतर अचानक सवय बदलणं, यातलं काही असेल तर पुढचं वाचत बसू नका, आधी डॉक्टर गाठा. बाकीच्यांनीही पोटविकारतज्ज्ञांकडे जावंच. ते बोटाने तपासतात आणि तपासताना "जोर करा" म्हणतात. लाज वाटते, पण मिनिटभराचं काम आहे आणि त्यातून बरंच कळतं. मग मॅनोमेट्री, म्हणजे बारीक नळीने आतला दाब मोजणं. बलून टेस्टमध्ये गुदाशयात ठेवलेला, साधारण 50 मिली पाणी भरलेला फुगा बाहेर टाकायचा असतो. निरोगी माणसाला तो बहुधा मिनिट-दोन मिनिटांत जमतो.

खरा उपचार बायोफीडबॅक. स्नायू आवळतोय की सुटतोय हे समोरच्या पडद्यावर दिसतं आणि ते बघत बघत सोडायला शिकायचं. काही आठवडे जावं लागतं, घरी सराव करावा लागतो. सगळीकडे ही सोय नसते, तेव्हा ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं (पेल्विक फ्लोअर) काम करणारी फिजिओथेरपिस्ट शोधा. आणि मोबाइलवर बघून केगेलचे व्यायाम सुरू करू नका. ते आवळण्याचे आहेत, आपल्याला उलटं हवं आहे.

आता घरचं. सकाळी चहा-पोहे झाले की अर्ध्या तासाच्या आत बसा. पोटात अन्न गेलं की मोठं आतडं आपोआप हलतं, त्या लाटेचा फायदा घ्या. कमोड असेल तर पायाखाली उंच पाट किंवा स्टूल घ्या, गुडघे कमरेच्या वर यायला हवेत. पुढे झुका, कोपरं मांड्यांवर टेका. गुदाशयाचा बाक त्याने बराच सरळ होतो. देशी संडासात हे आपोआप होतं, पण माझ्या गुडघ्यांना ते आता मानवत नाही.

मग श्वास. नाकाने घ्या आणि पोट खुशाल फुगू द्या. आम्हा बायकांना जन्मभर पोट आत ओढायला शिकवलेलं असतं, त्यामुळे हेच सगळ्यात अवघड जातं. सोडताना मेणबत्ती विझवल्यासारखा हळू सोडा, जबडा ढिला ठेवा, दात आवळू नका. जोर पोटातून, हलका. श्वास कोंडून कुंथायचं नाही. दहा मिनिटांत झालं नाही तर उठा. "अजून थोडं बसते" यातून मूळव्याध मिळते, दुसरं काही नाही.

इसबगोल आपल्या नीमच-मंदसौरकडचा, घरोघरी असतो. पण दार आवळलेलं असताना भुशीचा ढीग वाढवला तर पोट फुगतं. घेतलाच तर थोडा आणि पेलाभर पाण्यासोबत. मला डॉक्टरांनी मॅक्रोगोलची पावडर दिली. ती आतड्यात पाणी धरून ठेवते, शौच मऊ राहतं. मात्रा डॉक्टरांनाच ठरवू द्या.

कळ आली की जा. मी शाळेत शिकवायचे तेव्हा बायकांचं संडास वापरण्याजोगं नव्हतं, दुपारपर्यंत आम्ही सगळ्याजणी थांबवून धरायचो. वर्षानुवर्षं धरून ठेवलं की स्नायू तेच शिकतो. आता मी सकाळी लवकर कुणाला वेळ देत नाही. पुण्याला लग्नाला जायचं तर रात्रीच्या गाडीत काही होणार नाही हे गृहीत धरते, पावडर आणि घडीचं प्लास्टिकचं स्टूल बॅगेत टाकते, आणि ज्यांच्याकडे उतरणार त्या वहिनींना आधीच फोन करून सांगते, "सकाळी अर्धा तास बाथरूम माझं, दार वाजवायचं नाही."