जीपीएस भरकटतंय? आधी या चुका टाळा

नागपूरच्या महाल भागातल्या गल्लीत बोलावलेला पाहुणा भलत्याच दारासमोर उभा राहिला की खापर सॅटेलाइटवर फुटतं. चूक बहुतेक वेळा लोकेशन पाठवणाऱ्याची असते. घरात कूलरसमोर बसून व्हॉट्सअ‍ॅप उघडलं आणि लगेच लोकेशन पाठवलं, तर जातो तो फोनने आसपासचे वाय-फाय आणि टॉवर पाहून बांधलेला अंदाज. ते किती मीटरपर्यंत अचूक आहे, हे बटनाखालीच लिहिलेलं असतं, वाचतं कोण? गच्चीवर या, अर्धा-एक मिनिट थांबा, आकडा उतरू द्या, मग पाठवा. जागा ठरवायला किमान चार सॅटेलाइट लागतात आणि जीपीएसचा प्रत्येक सॅटेलाइट आपल्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा प्रसारित करतो. नेट चालू असेल तर फोन ती माहिती परस्पर उतरवून घेतो, म्हणून शहरात काम पटकन होतं.

पेंचच्या वाटेवर रेंज गेली की लोक म्हणतात, जीपीएस गेलं. तसं नसतं. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून येणाऱ्या सिग्नलला ना सिम लागतं, ना डेटा. गायब होतो तो नकाशा. तो नागपुरातून निघतानाच ऑफलाइन उतरवून ठेवा. रानात फोन चालू केला तर ठिपका थोडा उशिरा येईल, एवढंच.

अ‍ॅपला परवानगी देताना 'अंदाजे' निवडलं असेल, तर बाकी काही केलं तरी उपयोग नाही. सेटिंगमध्ये जाऊन 'अचूक' करा. बॅटरी सेव्हरही तपासा. आणि 'जीपीएस बूस्टर' नावाची अ‍ॅप्स काढून टाका. आकाशातून येणारा सिग्नल कुठलंही अ‍ॅप वाढवू शकत नाही.

वर्धा रोडवर मात्र फोनची खरंच पंचाईत होते. सगळ्यात वर मेट्रो, मध्ये उड्डाणपूल, खाली जुना रस्ता. नकाशावर तिन्ही एकाच रेषेत. जीपीएसची उंचीतली चूक आडव्या अंतरापेक्षा जास्त असते, त्यामुळे तुम्ही वर की खाली हे फोनला नीट उमगत नाही. पुलाखाली तर आभाळ झाकलेलं, त्यात सिग्नल खांबांवर आपटून येतो आणि ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. इथे नकाशात रस्ता सांगणाऱ्या बाईच्या आवाजावर विसंबू नका. कुठे वळायचंय ते पुलाआधीच पाहा: मधल्या एखाद्या चौकात वळायचं असेल तर खालूनच जा, ती कितीही 'यू-टर्न घ्या' म्हणो.

मे महिन्यात फोन काचेमागे डॅशबोर्डवर ठेवणं हा शुद्ध वेडेपणा. तापलेला फोन स्क्रीन मंद करतो, चार्जिंग थांबवतो, कधी बंदच पडतो. एसीच्या जाळीला अडकवा. पण होल्डर चुंबकाचा असेल तर फोनमधलं होकायंत्र बिघडतं आणि उभ्या गाडीत बाण उलटा दिसतो. फोन काढून हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा किंवा सरळ गाडी दहा पावलं पुढे घ्या, बाण वळतो.