सूर्याच्या कोरोनाचं मॉडेल: घनता कमी आली तर आधी ग्रिड बघा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडून फिजिक्स करून सौरभौतिकीत प्रोजेक्ट शोधणाऱ्यांसाठी हे. कोरोना म्हणजे सूर्याचं बाहेरचं तप्त वातावरण. उष्णतावहन आणि प्रारण तुम्हाला येतं असं धरलंय.

सुरुवात 'एब्टेल' या शून्यमितीय कोडने करा, म्हणजे अख्ख्या लूपची फक्त सरासरी काढणाऱ्या. लूप म्हणजे चुंबकीय रेषांवरची तप्त प्लाझ्माची कमान. ४०,००० किमी अर्धलांबीच्या लूपला थोडा वेळ उष्णता द्या आणि तापमान व घनता दोन्हींचे आलेख काढा. तापमान आधी चढतं, घनता मागून. लूप आधी वहनाने निवतो, नंतर प्रारणाने. हे का, ते कागदावर मांडता येईपर्यंत पुढे जाऊ नका. तयार कोड डाउनलोड करून थेट आलेख काढणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं, कारण पुढचा फास त्यांनाच बसतो.

पुढच्या पायरीला लूप लांबीवर छोट्या तुकड्यांत मोडतात: एक तुकडा म्हणजे सेल, सगळे मिळून ग्रिड. तो फास तिथे, संक्रमण थरात आहे, म्हणजे तप्त कोरोना आणि खालचा थंड, दाट क्रोमोस्फिअर यांच्यामधल्या पातळ थरात. तापमान उतरलं की वहनांक (उष्णता वाहून नेण्याची क्षमता) त्याच्या ५/२ घाताने घटतो. १० लाख केल्व्हिनवरून खाली येताना तीच उष्णता पुढे न्यायची तर तापमानाचा उतार कडा होत जातो, पार किलोमीटरभराच्या अंतरापर्यंत. तुमचा सेल ५०० किमीचा असेल तर हा कडा मॉडेलला दिसतच नाही. उष्णता थर ओलांडून थेट दाट क्रोमोस्फिअरमध्ये पडते आणि तिथेच प्रारणाने संपते. प्लाझ्मा तापून वर चढायला हवा, तो चढत नाही. कोड कुठेही अडत नाही, आलेख गुळगुळीत येतो, फक्त कोरोनाची घनता कमी निघते. प्रारण घनतेच्या वर्गावर चालतं. घनता निम्मी आली की त्याच तापमानाला उत्सर्जन चौथाई होतं, आणि निवण्याचा काळही चुकतो.

सगळीकडे १ किमीचं ग्रिड घालू नका. साध्या एक्सप्लिसिट पद्धतीत (पुढची स्थिती थेट आधीच्या स्थितीवरून काढणाऱ्या) वहनाचा कालटप्पा सेलच्या वर्गाने घटतो, म्हणजे ५०० किमीवरून १ किमीवर आलात तर २,५०,००० पट लहान. 'हायड्रॅड' या कोडसारखं, गरजेपुरतं बारीक होणारं ग्रिड वापरा. नाहीतर अडीच लाख केल्व्हिनखाली वहनांक स्थिर धरा आणि प्रारण-फलन (तापमानानुसार प्रारण किती, ते सांगणारं) त्याच पटीत घटवा. दोघांचा गुणाकार बदलता कामा नये. थर रुंद होतो, कोरोनाची घनता बरीचशी ताळ्यावर येते.

घाबरू नका, समीकरणं तीनच आहेत: वस्तुमान, संवेग, ऊर्जा. मराठी माध्यमातून आलेल्यांना ती अजिबात जड नाहीत.

कोल्हापूर जवळ पडतं म्हणून तिथलेच गाईड, असं करू नका. आदित्य-एल१ या भारताच्या सौरयानावरचा कोरोनाग्राफ (सूर्याची तबकडी झाकून कोरोना बघणारं उपकरण) बनवणारी भारतीय खगोलभौतिकी संस्था आपल्याच राज्यात, बेंगळूरला आहे. जे सर आलेख बघून आधी "सेल केवढा?" विचारतात, त्यांच्याकडे जा. मेल लिहिताना एकच लूप दोन ग्रिडवर चालवून कमाल घनतेची तुलना जोडा. सेल निम्मा केल्यावर आकडा हलत असेल, तर मेल अजून पाठवू नका.