गावच्या तलावातून विद्यापीठाच्या वॉटर पोलो संघात कसं जायचं

आमचं गाव साकोली तालुक्यातलं. गावाच्या वरच्या अंगाला जुन्या काळी कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेला तलाव आहे, आमच्याकडे त्याला मालगुजारी तलाव म्हणतात. माझे बाबा त्यात मासेमारी करायचे आणि अडकलेलं जाळं सोडवायला मी पाण्यात उतरायचो. पायाला तळ लागायचा नाही, दोन्ही हात जाळ्यात गुंतलेले असायचे, तरी छाती वर ठेवावी लागायची. भंडाऱ्याला कॉलेजात गेलो, नागपूर विद्यापीठाच्या निवड चाचणीत उतरलो, तेव्हा कळलं की वॉटर पोलोतलं, म्हणजे खोल पाण्यात तरंगत बॉल गोलात मारायच्या खेळातलं, अर्धं काम हेच आहे. विद्यापीठाकडून खेळलो. आता धान करतो आणि सकाळी गावच्या पोरांना शिकवतो. त्यांना सांगतो तेच इथं लिहितो.

आधी तलावाचं. एकट्यानं उतरायचं नाही, कितीही चांगलं पोहता येत असलं तरी. शिंगाड्याचे वेल आणि बेशरमची झाडं जिथं आहेत ती बाजू सोडा. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, एक जण दोर घेऊन बसलेला पाहिजे. भादव्यातलं गढूळ पाणी निवळलं की सराव सुरू करा.

सुरुवात पायांपासून. दोन्ही पाय एकदम मारले तर अंग वरखाली होतं आणि बॉल फेकायच्या वेळी नेमकं खाली जातं. म्हणून पाय आळीपाळीनं फिरवायचे. याला एगबीटर किक म्हणतात. माझ्या आईनं एका वाक्यात ती समजून घेतली होती : ताकाची रवी एकदा इकडे, एकदा तिकडे फिरते, तसं. आधी खाटेच्या कडेवर बसून करा. पाठ सरळ, गुडघे फाकलेले. टाच मागं ओढा, पाऊल बाहेर वळवा, आणि तळव्यानं पाणी बाहेरून पुढं, मग आत घोळत आणा. एक पाय आत येत असतो तेव्हा दुसरा बाहेर निघालेला असतो. पाण्यातही खुर्चीवर बसल्यासारख्या मांड्या वर राहिल्या पाहिजेत. मांड्या खाली लोंबल्या की समजा, नुसती सायकल चालली आहे.

पहिल्या आठवड्यात हात पाण्यात ठेवा. मग मनगटं बाहेर, मग कोपरं बाहेर. त्यानंतर पाच लिटरची तेलाची रिकामी कॅन अर्धी पाण्यानं भरा, डोक्यावर धरा आणि जागच्या जागी राहा. माझा एक पोरगा पहिल्या दिवशी दहा सेकंदांत बुडू लागला होता. संक्रांतीपर्यंत तो कॅन धरून गप्पा मारायला लागला. गप्पा मारता येतात म्हणजे श्वास ताब्यात आहे. मी घड्याळापेक्षा तेच बघतो.

वॉटर पोलोचा बॉल गावात मिळणार नाही. पण पुरुषांच्या बॉलचा घेर 68 ते 71 सेंटिमीटर आणि वजन 400 ते 450 ग्रॅम असतं, म्हणजे पाच नंबरच्या फुटबॉलइतकंच. पाणी न पिणारा रबरी फुटबॉल घ्या. तो ओला झाला की निसटतो, म्हणून पंजा आवळून धरायला जाऊ नका. तळवा बॉलखाली सरकवा, बोटं पसरा आणि उचला. फेकताना कोपर पाण्याच्या वर, आणि जोर पायातून कमरेत, कमरेतून खांद्यात. पास जोडीदाराच्या हातात पडला पाहिजे, मध्ये पाण्याला शिवता कामा नये. जोडीदार नसेल तर पाळीच्या दगडावर चुन्यानं खूण करून मारा.

डोकं वर ठेवून फ्रीस्टाइल रोज करा. गावात आपण सगळे डोकं वर ठेवूनच पोहतो, ती सवय इथं उपयोगी पडते. मात्र चाचणीत वेळही लावतात, म्हणून महिन्यातून दोन-तीनदा तरी पैसे मोडून शहरातल्या जलतरण तलावावर जा. भिंतीला वळणं घेणं गावच्या तलावात शिकता येत नाही.

नियमांचं थोडं. एका बाजूला सात जण, त्यात एक गोलकीपर. आठ-आठ मिनिटांचे चार डाव. गोलकीपर सोडून कोणीही बॉल दोन्ही हातांनी धरायचा नाही. माझ्या पहिल्या सामन्यात मी जाळं धरल्यासारखा दोन्ही हातांनी बॉल धरला आणि समोर गोल मोकळा असताना शिट्टी वाजली. ती सवय मोडायला डावा हात चड्डीच्या नाडीत अडकवून मी पंधरा दिवस सराव केला. दुसरी चूकही आपल्याकडचे करतात : कोणी अंगावर आलं की बॉल पाण्याखाली लपवतात. तोही फाऊल. सामन्याआधी नखं तपासतात, ती कापून जा. अंगाला जवसाचं तेल चोळून जाऊ नका, चालत नाही.

कागदांकडे मी सगळ्यात जास्त लक्ष द्यायला सांगतो. मी ज्या कॉलेजात पहिल्यांदा होतो, तिथून माझा पात्रता अर्ज वेळेत गेला नाही आणि अख्खं वर्ष गेलं. त्या वर्षी माझे पाय सगळ्यात चांगले होते. म्हणून जूनमध्ये प्रवेश घेतल्या घेतल्या शारीरिक शिक्षणाच्या सरांना भेटा, वॉटर पोलो खेळायचं आहे असं स्पष्ट सांगा. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जन्मतारखेचा पुरावा आणि फोटो यांचे दोन संच करून ठेवा. अर्ज गेला का, हे स्वतः विचारा, आणि जावक क्रमांक वहीत लिहून घ्या. सर चिडणार नाहीत. चिडले तरी विचारा.

संघात नाव आलं की घरी नीट समजावून सांगा. आंतरविद्यापीठ स्पर्धा धान कापणी-मळणीच्या दिवसांत आली तर घरचा एक माणूस कमी होतो. मी बाबांना 1951 च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धेत भारतानं वॉटर पोलोत सुवर्ण जिंकलं होतं, हे सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "जाय, मळणी मी पायतो."