तिकीट चुकीचं निघालंय? रद्द करायच्या आधी हे वाचा

जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला पुण्याहून ताई, दाजी आणि दोन भाच्या आल्या होत्या. त्यांची परतीची रेल्वेची तिकिटं मी मोबाइलवरून काढली. संध्याकाळी होम मैदानावरून आल्यावर धाकटी भाची माझ्या फोनमध्ये डोकावली आणि म्हणाली, "मामा, आपण सोलापुरातच आहोत की! मग ही गाडी पुण्याहून कशी सुटतीय?"

येतानाची तिकिटंही मीच काढली होती. ॲपने तीच स्थानकं धरून ठेवली होती आणि मी फक्त तारीख बदलून पैसे भरले. 'कुठून' आणि 'कुठे' यांच्या मधलं दोन बाणांचं बारकं चिन्ह दाबायचंच राहून गेलं.

त्यानंतर मी जे केलं ते तुम्ही करू नका. मी मदत केंद्राला फोन लावून हुज्जत घालत बसलो, "आत्ताच तर काढलंय, सगळे पैसे परत द्या." त्या नादात दुसरा दिवस उजाडला, पुण्याची हुतात्मा एक्सप्रेस वेटिंगवर गेली आणि ताईची मंडळी एसटीने गेली.

आधी योग्य तिकीट, मग चुकलेलं

चूक लक्षात आली की सगळ्यात आधी योग्य गाडीला जागा आहे का ते बघा आणि असेल तर लगेच काढून टाका. रद्द करायचं काम पाच मिनिटांनी केलं तरी चालतं. फक्त तारीख चुकली असेल आणि हव्या त्या दिवशी वेटिंग असेल, तर हातातलं कन्फर्म तिकीट दुसरी सोय होईपर्यंत सोडू नका. एक दिवस आधी निघणं परवडतं का, याचा घरी विचार करा.

मग चुकलेल्या तिकिटाचे स्क्रीनशॉट घ्या. पीएनआर, तारीख, स्थानकं, प्रवाशांची नावं, भरलेली रक्कम आणि बँकेचा मेसेज, एवढं हवं. पुढे तक्रार करायची वेळ आली तर हेच कामाला येतं.

चूक कोणाची?

सगळा हक्क या एका प्रश्नावर अवलंबून आहे. बोट तुमचं चुकलं असेल तर पूर्ण परतावा मिळत नाही. रेल्वेच्या नियमांत 'काढल्या काढल्या फुकट रद्द' अशी सवलत नाही, पाच मिनिटांत कळवा की पाच दिवसांनी. मला हे कळायला एक पूर्ण संध्याकाळ लागली. चूक यंत्रणेची किंवा एजंटाची असेल तर गोष्ट वेगळी. त्याकडे पुढे येतो.

तुमची चूक असेल तर कपात किती? 2015 च्या परतावा नियमांप्रमाणे कन्फर्म तिकिटावर दर प्रवाशामागे किमान कपात अशी आहे: एसी फर्स्टला 240 रुपये, एसी टू टियरला 200, थ्री टियर आणि चेअर कारला 180, स्लीपरला 120, सेकंड क्लासला 60. एसीच्या वर्गांत यावर जीएसटी. गाडी जवळ येत जाईल तशी भाड्याच्या 25 टक्के, मग 50 टक्के कपात होते आणि शेवटच्या काही तासांत काहीच मिळत नाही. 2015 च्या नियमांत या पायऱ्या 48, 12 आणि 4 तासांच्या होत्या. आता 2025 पासून चार्ट, म्हणजे प्रवाशांची अंतिम यादी, पूर्वीपेक्षा लवकर लावायचं धोरण आलंय आणि तासांचे हे आकडे रेल्वे अधूनमधून बदलत असते. त्यामुळे तीन दिवसांहून जास्त वेळ हातात असतानाच निर्णय घेतलेला बरा.

सोलापूर-पुण्यासारख्या जवळच्या प्रवासात टक्केवारीपेक्षा ही किमान रक्कमच जास्त टोचते. सेकंड सीटिंगचं तिकीट मुळात शंभर-सव्वाशेच्या आसपास, त्यातले माणशी 60 गेले म्हणजे निम्मे पैसे गेलेच. चौघांचे 240. ऑनलाइन बुकिंगचं सुविधा शुल्कही परत मिळत नाही. कन्फर्म तत्काळ तिकीट रद्द केलं तर परतावा शून्य, म्हणून तत्काळच्या घाईत पैसे भरायच्या आधी एकदा मोठ्याने वाचाच.

रद्द न करता सुटणाऱ्या चुका

तिकीट चुलतभावाच्या मोबाइलवरून काढलं आणि बाबांच्या जागी तुमच्या सख्ख्या भावाचं नाव पडलं, अशा वेळी रद्द करायची घाई नको. कन्फर्म तिकीट आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा किंवा बायको यांच्या नावावर करता येतं. गाडी सुटायच्या 24 तास आधी तिकिटाची प्रिंट, दोघांची ओळखपत्रं आणि नातं दाखवणारा कागद घेऊन स्टेशनवरच्या आरक्षण कार्यालयात लेखी अर्ज द्यायचा. रेशनकार्ड असेल तर ते सोबत न्या. हा बदल एकदाच होतो. चुलतभाऊ, मेहुणा, मित्र या यादीत बसत नाहीत.

बसायचं स्टेशन चुकलं असेल, म्हणजे कुर्डुवाडीहून बसायचंय आणि तिकीट सोलापूरपासूनचं आहे, तर बोर्डिंग स्टेशन बदलता येतं. तेही 24 तास आधी उरकून घ्या. एकदा बदललं की मूळ स्टेशनवरून त्या तिकिटावर चढता येत नाही. चौघांपैकी एकाचंच नाव नको असेल तर तेवढ्या एकाचं रद्द करा, बाकीच्यांचं तिकीट तसंच राहतं.

रात्रीच्या तारखेचा घोळ मात्र नुसता निस्तरता येत नाही. शनिवारी रात्री जेवून निघायचं आणि गाडी सोलापुरात साडेबाराला येते, तर तिकीट रविवारचं हवं. शनिवारचं काढलं असेल तर ती गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली असते. "टीसीला सांगू" म्हणून चढू नका. चुकीच्या तारखेचं तिकीट म्हणजे विनातिकीटच, भाडं आणि वर किमान 250 रुपये दंड भरावा लागतो.

'विकल्प' या खुणेकडेही लक्ष ठेवा. वेटिंगच्या तिकिटावर ती निवडली असेल तर तुम्हाला वेगळ्याच गाडीत जागा मिळू शकते आणि मग ते तिकीट कन्फर्म धरूनच रद्दची कपात होते.

चूक तुमची नसेल तेव्हा

सगळ्यात जास्त वेळा घडतं ते असं: पैसे कापले, तिकीट आलं नाही. घाबरून लगेच दुसरं काढू नका. आधी बुकिंगच्या इतिहासात पहिलं तिकीट बसलंय का ते तपासा, नाहीतर एकाच माणसाची दोन तिकिटं होतात आणि दुसरं रद्द करण्याची कपात तुमच्याच माथी. तिकीट खरोखर निघालं नसेल तर पैसे आपोआप परत यायला हवेत. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या परिपत्रकाप्रमाणे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आले पाहिजेत. त्यापुढे दर दिवसाला 100 रुपये भरपाई मिळाली पाहिजे. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते.

गाडीच रद्द झाली तर पूर्ण भाडं परत मिळतं. तीन तासांहून जास्त उशीर असेल आणि तुम्ही जाणार नसाल तरही मिळतं, पण त्यासाठी तुमच्या स्टेशनवरून गाडी प्रत्यक्ष सुटायच्या आत टीडीआर, म्हणजे परताव्याचा ऑनलाइन अर्ज, भरावा लागतो. कन्फर्म तिकिटावर 'मी गेलोच नाही' एवढंच कारण टीडीआरमध्ये चालत नाही. चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंग राहिलेलं ई-तिकीट आपोआप रद्द होतं.

एजंटाने चुकीची तारीख टाकली असेल तर तुम्ही त्याला काय सांगितलं होतं त्याचा पुरावा हवा. व्हॉट्सॲपवर "18 तारीख, दोन स्लीपर" एवढा मेसेज असला तरी पुरे. म्हणून तोंडी सांगून येऊ नका. तिकिटावर स्वतःचाच मोबाइल नंबर टाकायला लावा. अधिकृत एजंटाकडून काढलेलं तिकीट रद्द झालं की परतावा किती ते सांगणारा मेसेज आणि ओटीपी त्या नंबरवर येतो. रक्कम हातात पडताना तो ओटीपी एजंटाला द्यायचा, आधी नाही.

न मागता विमा किंवा दुसरं काही बिलात घुसडलं असेल तर तीही तक्रार होते. असल्या फसव्या रचनांविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत.

तक्रार कुठे

आधी ज्याच्याकडून तिकीट काढलं त्याला लेखी. आयआरसीटीसीचा नंबर 14646, रेल्वेचा 139. नंबर इंटरनेटवर शोधू नका. 'परतावा देतो, हे ॲप उतरवून घ्या' म्हणणारे तिथे टपलेलेच असतात. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915.

त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथेच तक्रार करायचा हक्क दिलाय. कंपनीचं कार्यालय दिल्लीत असलं तरी तुम्ही सोलापुरात दाखल करू शकता. दोन वर्षांची मुदत असते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. एक अडचण मात्र आहे. रेल्वेकडून भाडं परत मिळावं एवढाच दावा असेल तर कायद्याने तो रेल्वे दावा न्यायाधिकरणाचा विषय आहे, महाराष्ट्रात त्याची पीठं मुंबई आणि नागपूरला आहेत. एजंट, खासगी ॲप यांच्या सेवेतल्या त्रुटीसाठी आयोगाकडे जा.

तक्रारीत रागाचे परिच्छेद नकोत. काय मागवलं, काय मिळालं, कधी कळवलं, काय उत्तर आलं, किती पैसे हवेत, एवढं तारखेवार लिहा आणि स्क्रीनशॉट जोडा. मराठीत लिहिली तरी चालते.