भरलेला खेकडा ओळखून कसा घ्यावा

खेकडा वळवळतो आहे एवढ्यावर समाधान मानून तो विकत घेणारे गिऱ्हाईक बरेचदा पोकळ खेकडा घरी आणते, आणि रश्शात बुडवलेली रिकामी कवचे चोखत बसण्याची वेळ घरच्यांवर येते. जिवंतपणा ही पहिली अट खरीच, पण दर मोजला जातो तो आतल्या मांसासाठी, आणि ते मांस आहे की नाही हे बाजारातच, पैसे देण्यापूर्वी, स्वतःच्या अंगठ्याने तपासता येते.

हे सारे विवेचन खाडीच्या चिखलातल्या हिरवट किंवा तांबूस खेकड्याबद्दल आहे, ज्याला मुंबईत चिंबोरी आणि तळकोकणात व गोव्यात कुर्ली म्हणतात. पाठीवर तीन ठिपके असलेला किंवा निळसर असा समुद्री खेकडा पाण्याबाहेर फार काळ तग धरत नाही, त्यामुळे तो बहुधा बर्फावर मेलेलाच मिळतो आणि त्याची पारख माशासारखी वासावरून करावी लागते. खाडीचा खेकडा मात्र ओलसर ठेवला तर पाण्याबाहेर काही दिवस जगतो, म्हणून तो नांग्या सुतळीने बांधून जिवंत विकला जातो.

बाजारात सकाळी लवकर जावे. आषाढात, दीप अमावास्येच्या आधीचे चार-पाच दिवस टाळता आले तर टाळावेत, कारण १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असल्याने सारी मागणी खाडीच्या मालावर येते, श्रावण लागण्यापूर्वी सगळ्यांनाच हौस भागवून घ्यायची असते, आणि दर चढलेला असतानाही माल निवडू दिला जात नाही.

खेकडा जिवंत आहे का, हे पाहायला क्षणभर पुरतो. डोळ्याजवळ काडी नेली की डोळा झटकन खोबणीत गेला पाहिजे, आणि उचलल्यावर पाय लोंबकळता कामा नयेत. मेलेला खेकडा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. त्याच्या पोटातल्या पाचक रसांनी मांस स्वतःच विरघळू लागते आणि जंतूही फार वेगाने वाढतात. ‘आत्ताच गेलाय’ हे शब्द ऐकले की पुढच्या पाटीकडे वळावे.

यापुढची पायरी मात्र खरी अवघड आहे, आणि तिच्याविषयी सर्वांत जास्त चुकीचे सल्ले दिले जातात. खेकडा वाढताना जुने कवच टाकतो, अंगात पाणी भरून घेऊन फुगतो आणि त्या फुगलेल्या आकारावर नवे कवच कडक होते. कवच काही दिवसांत टणक होते, पण आतली पाण्याची जागा मांसाने भरायला त्याहून बराच अधिक काळ लागतो. या मधल्या काळातला खेकडा मोठा, स्वच्छ, चकचकीत आणि देखणा दिसतो, आणि नेमका तोच नवख्या माणसाच्या पिशवीत जातो. म्हणून मोठा खेकडा म्हणजे भरलेला खेकडा हा समज आधी सोडावा. ‘हातात जड लागला की घ्या’ हा सल्लाही अर्धवट आहे, कारण पाण्यालाही वजन असते. एकाच आकाराचे दोन खेकडे दोन हातांत घेतले तरच वजनाच्या फरकावरून काही कळते.

अमावास्येचा खेकडा भरलेला आणि पौर्णिमेचा पोकळ, हे किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते आणि मी त्याची थट्टा करणार नाही. परंतु शहरातल्या बाजारात एकाच पाटीत वेगवेगळ्या खाड्यांतला आणि वेगवेगळ्या दिवशी पकडलेला माल असतो. बांधून ठेवलेला खेकडा उपाशी असतो; जितके दिवस तो तसा राहील तितका स्वतःच्याच अंगावर जगून आतून आटत जातो. अमावास्येला पकडलेला पण आठवडाभर पडून राहिलेला खेकडा तिथीकडे पाहून घेणे हा शुद्ध वेडेपणा आहे.

खात्रीची परीक्षा अशी. नांग्यांची सुतळी अजिबात सोडू न देता खेकडा मागच्या वल्ह्यासारख्या चपट्या पायांच्या बाजूने धरावा आणि उलटा करावा. पोटाच्या मध्यभागी दुमडलेली झडप दिसते. तिच्या दोन्ही बाजूंना, चालायच्या पायांच्या मुळाशी जे पांढरट कवच असते, त्यावर अंगठ्याने ठाम दाब द्यावा. भरलेल्या खेकड्याचे कवच तिथे तसूभरही हलत नाही. पोकळ खेकड्याचे कवच आत दबते आणि अंगठा उचलताच पुन्हा वर येते. किंचित दबणारा खेकडाही मी घेत नाही. घासाघीस करून तो स्वस्तात घेण्यात शहाणपण नाही, कारण शिजल्यावर त्याच्या डेंग्यांतून, म्हणजे नांग्यांतून, पाणीच गळते. दोन्ही बाजू दाबून पाहाव्यात, आणि दाब अंगठ्याच्या पेराने द्यावा. नखाने टोचून काही कळत नाही आणि विकणारीही उगाच चिडते.

जोडीला कवचाकडे बघावे. जुने, मांसाने भरलेले कवच मळकट असते, त्यावर ओरखडे असतात, पोटाकडचा भाग पिवळट-तपकिरी डागांनी भरलेला असतो, नांगीच्या आतले दात झिजून बोथट झालेले असतात, आणि कधी पाठीवर शंखासारखे बारीक कडक ठिपके चिकटलेले असतात. दुधासारखे पांढरेशुभ्र पोट आणि धारदार नवे दात दिसले की तो नुकताच कात टाकलेला समजावा. एक नांगी मोठी आणि दुसरी अगदी लहान असेल, तर ती तुटून नव्याने आलेली असते. असा खेकडा अंगाने भरलेला असेल तर खुशाल घ्यावा, पण दर कमी करून घ्यावा, कारण खेकड्यातले उत्तम मांस डेंग्यांतच असते.

‘सगळे भरलेलेच आहेत, दाबायचे काय त्यात’ असे पाटीवरची मावशी म्हणेल. भांडू नये. ‘मावशी, चार घेणार आहे, तुम्हीच दाबून दाखवा’ असे म्हणावे. आपला माल चोख असल्याची खात्री असलेली बाई लगेच उलटा करून दाखवते, आणि जी दाखवत नाही तिने न बोलताच उत्तर दिलेले असते.

नर की मादी हा प्रश्न त्यानंतरचा. झडप अरुंद आणि टोकदार असेल तर नर, रुंद आणि गोलसर असेल तर पूर्ण वाढलेली मादी. मांसासाठी नर घ्यावा, लाखेसाठी, म्हणजे कवचाआतल्या नारिंगी अंड्यांसाठी, मादी. मादीत लाख आहे का हे पाहण्यासाठी झडप जिथे पाठीच्या कवचाला मिळते तो मागचा सांधा हलकेच दाबून उजेडाकडे धरावा. लाख भरलेली असेल तर त्या फटीत नारिंगी रंग दिसतो. झडपेबाहेर अंड्यांचा पुंजका लटकत असलेली मादी कोणतीही असो, ती घेऊ नये.

वजन करताना सुतळीकडे लक्ष असावे. ओल्या, चिखलाने माखलेल्या जाड दोरीचे वेटोळे लहान खेकड्यावर असेल, तर आपण दोरीलाही खेकड्याचा दर देत असतो. अशा वेळी किलोऐवजी नगावर भाव ठरवावा. दोघा-तिघांच्या घराला एक अवाढव्य खेकडा घेण्यापेक्षा चारशे ग्रॅमच्या आसपासचे दोन अधिक चांगले, कारण मसाला आतपर्यंत मुरतो आणि एक फसला तरी जेवण बुडत नाही.

घरी नेताना ओल्या गोणपाटात किंवा ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळावे, प्लॅस्टिकच्या पिशवीला गाठ मारू नये. पाण्याच्या बादलीत तर कधीच टाकू नये; साचलेल्या पाण्यातला प्राणवायू संपला की तो गुदमरून मरतो. त्याच दिवशी करायचे नसतील तर सावलीत, ओल्या फडक्याखाली, सुतळीसकट ठेवावे. साफ करण्यापूर्वी अर्धा तास बर्फात ठेवून सुन्न करावे, नाहीतर घाबरलेला खेकडा स्वतःचे पाय झटकून टाकतो, आणि सुतळी त्यानंतरच कापावी.